बरणीतले फौजदार

गुडघे टेकून आणि नाक काचेला लावून दौलतराव मन्सूरच्या टाकीत बघत होता. माशांना घालायची दाण्याची चिमूट त्याच्या हातातच राहिली होती. पाण्याच्या रेषेपासून वीतभर खाली, काचेला आतल्या बाजूनं, भिजवलेल्या बारीक साबुदाण्यासारखे पिवळसर मणी चिकटले होते. काल संध्याकाळी ते नव्हते. आधी त्याला वाटलं, काचच बिघडली. त्यानं बाहेरून नखानं खरवडून पाहिलं. तेवढ्यात टाकीतली जाडी मादी वाळू सोडून वर आली, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेलं काहीतरी तिनं काचेला दाबून लावलं आणि ती पुन्हा खाली गेली. काचेवर आणखी मणी वाढले.

“अगं ए! हिकडं ये बिगीबिगी!”

शालनबाई शेजारच्या खोलीतून पिठाच्या हातांनीच धावत आली. वर्षाचा सयाजी कडेवर होता.

“काय झालं? मेलं का काय येखादं?”

“मरतंय कशाचं! अंडी घातली.”

पिंपरीच्या त्या चाळीत दौलतराव आणि मन्सूर भिंतीला भिंत लावून राहत. दोघेही नव्यानं सुरू झालेल्या पेनिसिलिनच्या कारखान्यात कामाला होते. दौलतराव बुरशी वाढवायच्या मोठ्या टाक्यांवर आणि मन्सूर त्या टाक्यांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर. दौलतराव जवळच्या तळवड्याचा, मन्सूर जुन्नरचा. शिफ्ट सुटली की बाकीचे लोक पत्ते कुटत नाहीतर भजनाला बसत. मन्सूर मात्र लोखंडी चौकटीत काचा बसवून स्वतः बनवलेल्या टाकीसमोर पाट टाकून बसे. त्याचा भाऊ मुंबईच्या गोदीत होता. त्यानं कुणा खलाशाकडून ते मासे मिळवून दिले होते. बोटभर लांब, अंगावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्यासारखे आणि तोंडाला चांगल्या पिळदार मिशा. त्या मिशांनी ते दिवसभर तळाची वाळू चाळत फिरायचे, काहीतरी चोरीचा माल सापडेल या आशेनं. शालनबाईनं पहिल्याच दिवशी त्यांना फौजदार म्हटलं आणि मग सगळी चाळच त्यांना फौजदार म्हणू लागली.

या फौजदारांना पोरं व्हावीत म्हणून मन्सूरनं दोन वर्षं काय काय केलं होतं! परदेशी जीव, गारठा सोसायचा नाही, म्हणून टाकीला गोधडी गुंडाळली, शेजारी कंदील पेटवून ठेवला, पाणी पिंपात मुरवून मगच घातलं. फौजदार खात होते, पीत होते, वाळू चाळत होते. अंडं म्हणून एक नाही.

आता मन्सूरची बायको गौहर हिच्या भावाचं लग्न होतं म्हणून तो तिला घेऊन जुन्नरला गेला होता. किल्ली दौलतरावाकडे होती. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून बारीक रबरी नळीनं टाकीत हवा सोडायची सोय मन्सूरनं केली होती. त्या ट्यूबमध्ये सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपानं हवा भरायची, चिमूटभर दाणा टाकायचा. आणि पाणी कमी झालंच तर पिंपातलं शिळं पाणी घालायचं. ही शेवटची गोष्ट मन्सूरनं निघताना इतक्यांदा सांगितली होती की गौहरच म्हणाली होती, “चला आता, माझ्या भावाचा निकाह माझ्याशिवाय उरकेल.”

दौलतरावाची नजर कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेली. ते काठोकाठ भरलेलं होतं.

“ह्येच्यातलं पानी कुनी काढलं न्हाई?”

शालनबाईनं सयाजीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“टाकीतलं पानी म्या काल बदाललं. निम्मं काढलं आन् हिरीचं घातलं.”

“ताजं? गार?”

“मग काय शिळं पाजू? रोज सकाळी आपन हंडे उपडे करतो, शिळं पानी झाडाला घालतो, आन् ताजं भरतो. आपल्या भरवशावर टाकलेला दुसऱ्याच्या घरचा जीव, आन् त्येला चार दिसाचं पानी? माझ्या हातनं न्हाई झालं.”

एरवी दौलतराव तडकला असता. पण समोर काचेवर दोन वर्षांची आस चिकटलेली दिसत होती आणि ती विहिरीच्या चार घागरींनी फळाला आली होती. तो नुसताच हसला. मग त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, ते बायकोला दिसू नये म्हणून त्यानं पुन्हा काचेला नाक लावलं.

कारण गेलं वर्षभर तो मन्सूरला आणि गौहरला द्यावं असं काहीतरी शोधत होता.

सयाजीच्या वेळी शालनबाईला बाळंतपणानंतर ताप भरला होता. ती पुण्याच्या दवाखान्यात शुद्धीवर-बेशुद्धीत पडून, दौलतराव तिच्या उशाशी, आणि आठवड्याचं पोर चाळीत आजीपाशी. दौलतरावाची आई अंबूबाई तळवड्याहून आली होती. तिनं शेळीचं दूध पाजून पाहिलं. पोराच्या पोटात ते ठरेना. रडूनरडून त्याचा आवाज बसला. गौहरची पहिली मुलगी त्याच महिन्यात जन्मून चार दिवसांत गेली होती. भिंतीपलीकडून तिला ते रडणं ऐकू येत होतं. ती आली आणि एक शब्द न बोलता तिनं पोराला पदराखाली घेतलं. शालनबाई घरी येईपर्यंत, महिनाभर, सयाजी तिच्याच दुधावर जगला.

अंबूबाईनं तेव्हाच मुलाकडून शब्द घेतला होता. हे बाहेर पडता कामा नये. भावकीला कळलं तर पंगतीला पाट मांडणार नाहीत. आणि शालनलाही सांगायचं नाही. ओली बाळंतीण, जिवाला लावून घेईल. आज ना उद्या माहेरी बोलेल, आणि माहेराहून ते गावात येईल. दौलतराव आईचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता. त्यामुळे झालं असं की, ज्या बाईनं पोर जगवलं तिला वर्षभर तो नुसतं “बरं हाय न्हवं?” विचारत आला होता. आभार म्हणून एक शब्द नाही. मन्सूर कामावर भेटला की हा त्याला आपल्या डब्यातली निम्मी भाजी वाढी आणि मन्सूर म्हणे, “अहो राव, मला माझा डबा आहे!”

आणि आता ही अंडी! ती उबवून, पोरं वाढवून मन्सूरच्या हातात ठेवायची. तोंडानं जे बोलता येत नाही ते असं तरी पोचेल. यापलीकडे त्याला काही नको होतं.

तेवढ्यात एक फौजदार वर आला, काचेवरचं एक अंडं त्यानं मिशांनी चाचपलं आणि गट्ट केलं.

“आरं मुडद्या! सोताचंच?” शालनबाई किंचाळली.

मग दोघांची धांदल उडाली. अंडी वेगळी काढायला हवी होती. दौलतरावानं बोट लावलं ते पहिलंच अंडं फुटलं. शालनबाईनं त्याला बाजूला सारलं, सयाजीला त्याच्याकडे दिलं, हात धुतले आणि बाही वर करून पाण्यात हात घातला. लग्नसराईत तांदळाएवढे गव्हले वळावेत ते तिनंच, असं तिच्या माहेरी म्हणत. अंगठा आणि तर्जनीच्या पेरांवर लोळवत तिनं एकेक अंडं काचेवरून अलगद सोडवलं आणि लोणच्याच्या घासून धुतलेल्या बरणीत सोडलं. बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं होतं. टाकीशेजारच्या फळीवर बरणी ठेवली.

दोन दिवस सगळं छान चाललं. मण्यांच्या पोटात काळसर ठिपका दिसू लागला. दौलतराव कामावर जाताना बघे, आल्यावर बघे, जेवता जेवता उठून बघे. शालनबाई म्हणाली, “माझ्या येळंला येवढं बघितलं न्हाई.” तो म्हणाला, “तुला बरनीत ठिवता आलं न्हाई.” आणि दोघंही हसली.

तिसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टवरून तो आला तेव्हा बरणीतली काही अंडी चुन्यासारखी पांढरी पडली होती आणि त्यांच्यावर कापसाचे तंतू फुटले होते. ते तंतू शेजारच्या चांगल्या अंड्यांना धरू पाहत होते. हे काय आहे ते दौलतरावाला कुणी सांगायला नको होतं. बुरशी. दिवसभर तो जिच्यात वावरत होता तीच.

शालनबाई विहिरीवर गेली होती. तो आपल्या खोलीत आला आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी औषधाची एक छोटी काचेची बाटली होती. गेल्या वर्षी ज्या इंजेक्शनांनी शालनबाईचा ताप उतरला, त्यांतली ही उरलेली. त्याच्याच कारखान्याची. शालनबाईनं ती घरी आणली, देवापाशी ठेवली, आणि रोज आंघोळ झाली की खंडोबाला लावलेल्या बोटानं ती बाटलीच्या रबरी बुचालाही हळदीकुंकू लावी. दौलतराव सुरुवातीला हसला होता. पण तिचं म्हणणं होतं, “ज्येनं वाचीवलं त्येला हात जोडायचा. मग त्यो देव आसू दे न्हाईतर बाटली.”

त्यानं खंडोबाला नमस्कार केला, बाटली घेतली, बूच काढलं आणि आतली पांढरी पूड मन्सूरच्या खोलीतल्या बरणीत ओतली.

डोक्यावर घागर घेऊन शालनबाई आली तेव्हा मन्सूरचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी कुंकवानं माखलेलं बूच पडलं होतं.

“माझ्या देवातली बाटली?”

“अगं, बुरशी धरली व्हती...”

“माशांच्या अंड्यापायी?” तिचा आवाज चढला नव्हता, कापत होता. “माझा जीव राखला त्या बाटलीनं. आन् तुमी ती माशाला घातली?”

“माशाला न्हाई घातली. मन्सूरसाठी घातली. गौहरबीसाठी.”

“का?”

दौलतराव बरणीकडे वळला.

“आवं, का म्हनून इचारते मी. शेजारी सगळ्यांनाच आसत्यात. येवढं काय हाय त्यांचं आपल्यावर?”

आईला दिलेला शब्द आडवा आला. त्यानं जमिनीवरचं बूच उचललं आणि उगाच धोतरानं पुसू लागला.

शालनबाईनं डोक्यावरची घागर उतरवून खाली ठेवली.

“दूध पाजलं, ह्येच म्हनायचंय न्हवं?”

त्याचा पुसता हात थांबला.

“तुला कुनी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? मी दवाखान्यातनं आले त्या दिशी गौहरबी दारात उभ्या व्हत्या. ह्यो रडला आन् त्यांचं पोलकं भिजलं. समद्यांच्या म्होरं. त्यांनी पदर वढून घेतला आन् घरात पळाल्या. बाईला कळत न्हाई व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी मायलेक शेळीचं दूध, शेळीचं दूध करीत व्हता. मला वाटलं, तुमाला लाज वाटती. नवरा झाकतोय तर आपन कशाला उघडं करावं?” तिनं पदरानं नाक पुसलं. “वरीस झालं. रोज भितीपलीकडं भांडी वाजत्यात तवा वाटतं, जाऊन पाय धरावं त्या बाईचं.”

“मलाबी,” दौलतराव म्हणाला.

एका खोलीत, एका दिव्याखाली वर्षभर राहून दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. यावर हसावं की रडावं हे दौलतरावाला कळेना. त्यानं तिच्या हातात ते बूच दिलं. तिनं ते देव्हाऱ्यात होतं तिथं नेऊन ठेवलं. औषध गेलं तर गेलं, म्हणाली, नमस्काराला बूच पुरे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत पांढरी अंडी दुप्पट झाली होती.

“पेनिसिलिननंबी मरंना?” दौलतराव हताश होऊन म्हणाला.

शालनबाई सयाजीला भात भरवत होती. घास हातात धरून ती थांबली.

“मी आडानी हाय, मला काय कळत न्हाई. पन तुमीच म्हन्ता न्हवं, त्ये औषध बुरशीतनंच काढत्यात? मग आईचं दूध लेकराला कसं मारंल?”

दौलतरावानं कपाळावर हात मारला. रोज आठ तास तो बुरशीची बडदास्त ठेवत होता, तिला हवा देत होता, तिचं पाणी गरम-गार करत होता, आणि तिच्याच पोटचं औषध तिच्यावर चालवायला निघाला होता! कारखान्यात कुणाला कळलं असतं तर निवृत्त होईपर्यंत त्याला चिडवलं असतं. आपल्या इंजेक्शनांवरच्या भक्तीपायी बुद्धी गहाण पडली ती अशी.

मात्र तो भानावर आला तो पुरता आला. कामावर दोन गोष्टी त्याच्या हाडीमाशी खिळल्या होत्या. एक, थोडं नासलं की सगळं नासायला वेळ लागत नाही, तेव्हा नासलेलं आधी बाहेर काढा. दुसरी, हवा थांबू देऊ नका. हवा बंद पडली की मोठ्या साहेबांपासून सगळे धावत सुटत. शालनबाईनं पुन्हा बाही वर केली आणि तिच्या त्या गव्हल्यांच्या बोटांनी पांढरं अंडं नि अंडं उचलून बाहेर काढलं. बरणीतलं पाणी बदललं. ताजं, विहिरीचं. यावर आता वाद राहिला नव्हता. दौलतरावानं आपल्या सायकलचं चाक खोललं, आतली ट्यूब काढली, तिच्यात हवा भरली, तोंडाला नळी बांधून दोऱ्यानं आवळली आणि बरणीत बारीक बुडबुड्यांची एक माळ सोडली. अंडी त्या बुडबुड्यांत हळूहळू लोळू लागली. त्यानंतर तो कामावर पायीच जात होता. कुणी विचारलं तर सांगे, सायकल बाळंत व्हायची आहे.

वाचलेली अंडी थोडीच होती. पण ती वाचली. एका दुपारी शालनबाईला बरणीच्या तळाशी शेपटी फुटलेलं एक अंडं वळवळताना दिसलं. संध्याकाळपर्यंत सगळीच फुटली. पापणीच्या केसाएवढी पोरं, पोटाला पिवळी पुरचुंडी बांधलेली. पुरचुंडी संपल्यावर दौलतरावानं कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळला. ती पोरं तळाशी उतरली आणि बलकाचा कण अन् कण चाचपू लागली. कंदील जवळ धरला तर मिशासुद्धा दिसत होत्या.

मन्सूर आणि गौहर आली ती उन्हं उतरल्यावर. मन्सूरच्या खांद्यावर वळकटी आणि हातात लग्नाच्या मिठाईचा पुडा होता. दौलतरावानं नुसतं दार उघडलं आणि बरणीकडे बोट केलं.

मन्सूर वाकला. वळकटी खांद्यावरून घसरली, त्याला कळलं नाही. तो तसाच उंबऱ्यावर बसला.

“या अल्ला,” तो म्हणाला. “दौलतराव, ही... ही आमच्यांची?”

“मग काय आमच्यांची? मिशा बघा की.”

“पण कसं? मी दोन वर्षं झाली...”

“गार पानी,” शालनबाई दारातून म्हणाली. “ताजं. तुमी रागावू नका, म्या घातलं.”

मन्सूरनं एकदा कंदिलाकडे, एकदा गोधडीकडे आणि एकदा शालनबाईकडे पाहिलं आणि त्याला असं हसू फुटलं की सयाजी दचकून रडायला लागला. “दोन वर्षं शेकत बसलो मी त्यांना! ते बिचारे पावसाच्या गार पाण्याची वाट बघत असतील!” मग त्यानं दौलतरावाचे दोन्ही हात धरले. “राव, तुमचे उपकार कसे फेडू मी?”

दौलतराव एकदम चिडला. वर्षभर मनात घोळवलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही वाक्य सरळ निघेना.

“तुमी? तुमी आमचं उपकार फेडनार? मन्सूरभाऊ, आवं काय बोलता! तुमचं... तुमच्या घरातनं...” तो थांबला. मान खाली घालून त्यानं हात जोडले, गौहरच्या दिशेनं.

गौहर घाबरली. तिनं चटकन शालनबाईकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच दौलतरावाला खुणावलं, नको.

तेव्हा शालनबाई पुढे झाली आणि रडणाऱ्या सयाजीला तिनं गौहरच्या हातात दिलं. पोर तिच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प झालं.

“मला म्हाईत हाय गौहरबी,” ती म्हणाली. “पयल्या दिसापासनं म्हाईत हाय. माझं लेकरू तुमच्या दुधानं जगलं. मी मरत व्हते तवा मला औषधानं वाचीवलं आन् ह्येला तुमी वाचीवलं. वरीसभर माझ्या तोंडातनं शबुद न्हाई निघाला, त्येची माफी करा.”

गौहरनं पोराच्या डोक्यावर गाल टेकला. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान होता.

“भाभी, माफी कसली. माझी मुलगी गेली तेव्हा दूध थांबत नव्हतं. रात्रभर छाती ठणकायची. वाटायचं, हे कुणासाठी येतंय आता? मग भिंतीतून याचं रडणं यायला लागलं.” तिनं पोराला जवळ ओढलं. “यानं प्यायलं म्हणून मी वेडी झाले नाही. आमच्यात म्हणतात, दूध पाजलं की तो आपला मुलगा झाला. पण मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. अम्मीलासुद्धा नाही. लग्नात सगळ्या विचारत होत्या, गोद रिकामीच का अजून. मी गप्प राहिले.”

“का पन?”

“मावशींना शब्द दिला होता. अंबूबाईंना. याच्या डोक्यावर हात ठेवून.” आणि मग ती एकदम धास्तावली. “त्यांना वाटेल, मीच सांगितलं. दौलतभाई, त्यांना सांगाल ना, मी शब्द मोडला नाही म्हणून?”

“सांगतो,” दौलतराव म्हणाला. “उद्याच जातो.”

दुसऱ्या दिवशी त्याची दुपारची शिफ्ट होती. सकाळीच तो तळवड्याला गेला. अंबूबाई ओट्यावर बसून सुपात बाजरी पाखडत होती. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं: शालनला ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक होतं, गौहरनं शब्द मोडला नाही, मीही मोडला नाही, पण आता मोडणार आहे, कुणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे. भावकी काय करायची ती करू दे. हे शेवटचं वाक्य त्यानं अंगणाकडे बघत म्हटलं, कारण आईपुढे असं तो जन्मात बोलला नव्हता.

सूप थांबलं. अंबूबाईनं बाजरीतला एक खडा शोधून काढला, तो अंगणात फेकला आणि सूप बाजूला ठेवलं.

“सूनबाई काय म्हनली?”

“माफी मागितली. गौहरबी म्हनली, माफी कसली.”

म्हातारी उठली आणि आत गेली. दौलतरावाला वाटलं, झालं, आता ही काही महिने बोलायची नाही. तो ओट्याच्या कडेला बसला. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं अंबूबाई बाहेर आली ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. तिच्या हातात एक नारळ आणि खण होता.

“त्यांच्यात वटी भरत्यात का रं?” तिनं विचारलं.

दौलतराव तिच्याकडे बघतच राहिला.

“आरं, बगतोस काय? त्या पोरीच्या पदराखाली ह्या हातांनी म्या लेकरू दिलं, आन् वरीसभर तिच्या तोंडाकडं बगायची छाती न्हाई झाली माझी. तुमाला गप्प बशिवलं आन् मीच घुसमटले.” तिनं लुगड्याच्या पदरानं नारळ पुसला. “भरत्यात का, त्ये सांग.”

“मला न्हाई म्हाईत आई.”

“आन् न्हाई भरत आसल्या तर?”

“परत देईल ती नारळ.”

“देऊ दे,” अंबूबाई म्हणाली, आणि चपला शोधू लागली. “फोडून समदी मिळून खाऊ. पन भरल्याबिगार मी ऱ्हानार न्हाई.”